पानाच्या उजेडातला चेहरा

(ग्रंथालयाच्या शताब्दी-वर्षानिमित्त नेमावर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)

नेमावरला नर्मदेच्या उत्तर तीरावर सिद्धनाथाचे परमारकालीन देवालय उभे आहे. समोरच्या तीरावर हंडिया. मधल्या पात्रात नर्मदेचे नाभिस्थान आहे अशी श्रद्धा असल्यामुळे परिक्रमावासी येथे हटकून थांबतात. गाव लहान, पण जुने. अकराव्या शतकात अल्बेरुनीने धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवरील मुक्काम सांगताना नर्मदाकाठच्या या ठिकाणाचा उल्लेख केला आहे. पुढे होळकर संस्थानात नेमावर नावाचा एक जिल्हाच होता. मराठी माणसाचे पाऊल या परिसरात कसे पडले आणि का रुजले, हा इतिहास येथील जुन्या घराण्यांना सांगावा लागत नाही. आजच्या विषयासाठी मात्र त्या इतिहासापेक्षा घाटावरचे एक साधे दृश्य अधिक उपयोगाचे आहे.

सकाळी स्नान आटोपून एखादा परिक्रमावासी पायरीवर बसतो, झोळीतून फडक्यात बांधलेली पोथी काढतो आणि वाचू लागतो. मोठ्याने वाचू लागतो. चार पायऱ्या सोडून बसलेली, अक्षरओळख नसलेली म्हातारीही त्या वाचनाची वाटेकरी होते; मध्येच हात जोडते, मध्येच मान डोलावते. वाचणारा काय वाचतो आहे हे सर्वांना ऐकू येते. तो चुकला तर दुरुस्त करणारा कोणीतरी शेजारी असतोच. आपल्याकडे शतकानुशतके ‘वाचणे’ या क्रियापदाचा अर्थ हा असा होता. पोथी वाचली जाते आणि ऐकली जाते. ‘पुराण सांगणे’, ‘पारायणाला बसणे’, ‘श्रवण करणे’ हे सारे शब्दप्रयोग कानाशी बांधलेले आहेत, डोळ्यांशी नाहीत.

याच नर्मदेच्या काठाने खाली गेले की महेश्वर लागते. अहिल्याबाई होळकर पुराणे स्वतः वाचू आणि समजू शकत होत्या, असे जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानवरील १८२३ च्या आपल्या ग्रंथात आवर्जून नोंदवले आहे. आवर्जून, कारण ती अपवादाची गोष्ट होती. राणीला जे शोभले ते सामान्य घरातील सुनेला शोभत नव्हते. सुनेने ऐकावे, वाचणारा दुसरा कोणी असावा. गुरुचरित्राचे पारायण स्त्रियांनी स्वतः करू नये, केवळ श्रवण करावे, हा दंडक कितीतरी घरांत अगदी अलीकडेपर्यंत पाळला जात होता. ऐकण्यात धोका नव्हता. काय ऐकायचे हे वाचणारा ठरवीत होता.

आता या घाटावरून एकदम पॅरिसला जायचे आहे. प्रवास लांबचा वाटेल. परंतु ज्या चित्राकडे जायचे आहे ते पाहिल्यावर तो लांबचा राहत नाही.

पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी पूर्वी आगगाडीचे स्थानक असलेली एक भव्य वास्तू आहे. १९८६ सालापासून तिथे ऑर्से संग्रहालय आहे. त्यात प्येर ऑग्युस्त रन्वार याचे ‘ला लिझ्योज’ म्हणजे ‘वाचणारी’ हे तैलचित्र आहे. काळ १८७४ ते १८७६ च्या दरम्यानचा. चित्र लहान आहे. उंची सुमारे ४६ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे ३८. देवघरात लावायच्या एखाद्या मोठ्या तसबिरीएवढेच. ज्यांनी ते केवळ छापील पुस्तकात पाहिले आहे त्यांना ते मनात बरेच मोठे वाटते, ही या चित्राची एक गंमत आहे.

चित्रात एक तरुण मुलगी आहे. गडद पोशाख, तांबूस सोनेरी केस, हातात उघडलेले पुस्तक, नजर खाली पानावर. ओठांवर हसू आहे की नाही हे सांगता येत नाही. हसण्याच्या बेतात असलेला चेहरा एवढेच म्हणता येईल. पार्श्वभूमीला प्रसंग नाही, कथा नाही. खोलीतील सामानसुमान रंगांच्या फटकाऱ्यांत विरून गेले आहे. पुस्तकाचे नाव दिसत नाही. ती कादंबरी वाचते आहे की कविता, की एखादे स्तोत्र, हे कळायला मार्ग नाही, आणि चित्रकाराला ते कळवायचेही नाही.

या चित्रातील खरी करामत प्रकाशाची आहे. खिडकीचा उजेड मुलीच्या मागून येतो. तो तिच्या केसांवर आणि खांद्याच्या कडेवर पडतो. रूढ शिक्षणाप्रमाणे अशा बैठकीत चेहरा काळवंडायला हवा, कारण तो उजेडाकडे पाठ करून आहे. पण चेहरा उजळला आहे. हा उजेड आला कुठून? तो पुस्तकाच्या पानावरून आला आहे. खिडकीतला प्रकाश पानावर आदळतो आणि तिथून उलटून तिच्या हनुवटीवर, गालांवर, पापण्यांखाली पसरतो. पान पांढऱ्या, पिवळसर रंगाच्या जाड थरांनी रंगवले आहे; त्याच थरांचे पातळ, उबदार प्रतिबिंब चेहऱ्यावर आहे. सावल्यांत काळा रंग ओतलेला नाही. निळ्याजांभळ्या छटांवर भागवले आहे. या चित्राचे निम्मे सौंदर्य ह्या एका निरीक्षणावर उभे आहे.

आणि हे निरीक्षण खोटे नाही. नेमावरच्या घाटावर सकाळचे ऊन पाठीशी घेऊन बसलेल्या पोथीवाचकाकडे नीट पाहावे. त्याच्या दाढीखाली, नाकाच्या शेंड्याखाली पोथीच्या पानाचा असाच उजेड दिसेल. तो रोज तिथे होता. पाहण्याची सवय मात्र नव्हती.

ज्या चित्रपंथाने ही सवय लावली त्याला मराठीत दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. शब्द जड आहे, पण आशय सोपा. वस्तू कशी ‘असते’ हे न रंगवता ती त्या क्षणी, त्या उजेडात डोळ्यांना कशी ‘दिसते’ हे रंगवायचे. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये या मंडळींचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. मोने याच्या सूर्योदयाच्या चित्राचे नाव घेऊन एका पत्रकाराने थट्टेने त्यांना जे नाव दिले तेच पुढे चिकटले. थट्टेतून पडलेली नावे टिकतात, याचा अनुभव आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही आहे. या मंडळींना घराबाहेर, उघड्यावर काम करणे सोयीचे झाले त्याला एक अगदी व्यावहारिक कारणही होते: धातूच्या मऊ नळीत भरलेला तयार तैलरंग. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने या नळीचे पेटंट घेतले ते १८४१ साली. रन्वारचा जन्मही त्याच वर्षीचा.

रन्वार शिंप्याचा मुलगा. पोरवयात चिनी मातीच्या भांड्यांवर फुले रंगवून तो पोट भरीत असे. मोठ्यांच्या दिवाणखान्यात वाढलेला तो नव्हता. ‘वाचणारी’साठी बसलेली मुलगी मार्गो ही त्याची नेहमीची मॉडेल होती असे मानले जाते. ती मोंमार्त्र भागातील गरीब वस्तीतली. १८७९ च्या प्रारंभी ती आजारी पडली. रन्वारने डॉक्टर मित्रांकडे धावाधाव केली, पण ती वाचली नाही. त्या चित्राकडे पाहताना हे ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. ठाऊक झाल्यावर मात्र त्या चेहऱ्यावरचा उजेड वेगळा वाटू लागतो, हेही नाकारता येत नाही.

येथे एक विसंगती सांगितली पाहिजे; ती लपवून या चित्राचे कौतुक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या हाताने पुस्तकात रमलेल्या मुलीचे इतके कोवळे चित्र काढले, त्या रन्वारचे स्त्रीशिक्षणाविषयीचे मत मुळीच कोवळे नव्हते. स्त्रियांनी लेखिका, वकील किंवा राजकारणी व्हावे हे त्याला अजिबात रुचत नसे, आणि तसे त्याने पत्रात कडवट शब्दांत लिहिलेही आहे. त्याला वाचणारी मुलगी सुंदर दिसली. वाचून ती काय होईल याचा विचार त्याला नकोसा होता. चित्रकाराचे डोळे त्याच्या मतांपेक्षा पुढे गेल्याची उदाहरणे कलेच्या इतिहासात अनेक आहेत. त्यांतले हे एक.

म्हणूनच रन्वारच्या चित्राशेजारी दुसरे एक चित्र ठेवून पाहणे आवश्यक ठरते. ते बर्त मोरिझो हिचे. ती या पंथातील आद्य मंडळींपैकी एक. १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तिची चित्रे होती आणि ‘पाळणा’ हे तिचे सुप्रसिद्ध चित्र त्यांतलेच. १८७३ साली तिने आपल्या बहिणीला, एद्माला, वाचताना रंगवले. हे चित्र आता अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे. एद्मा पांढऱ्या पोशाखात गवतावर बसली आहे. हिरवी छत्री मिटून बाजूला पडलेली. पंखाही गवतावर टाकून दिलेला. छत्री आणि पंखा ही त्या काळच्या प्रतिष्ठित स्त्रीची चारचौघांत वावरण्याची आयुधे. ती दोन्ही बाजूला टाकून एद्मा पुस्तकात शिरली आहे. तिच्याकडे कोणी पाहत आहे याची तिला जाणीव नाही. आणि पाहणारी तर सख्खी बहीण.

एद्माची हकिकत कळली म्हणजे हे चित्र केवळ सुखाचे राहत नाही. दोघी बहिणी एकत्र चित्रकला शिकल्या, एकत्र रंगपेटी घेऊन हिंडल्या, १८६४ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात दोघींची चित्रे लागली. पुढे १८६९ मध्ये एद्माचा विवाह एका नौदल अधिकाऱ्याशी झाला आणि तिचा कुंचला थांबला. बर्त रंगवीत राहिली. म्हणजे या चित्रात रंगवणारी आणि रंगवली जाणारी, दोघीही चित्रकार आहेत. एकीच्या हातात कुंचला उरला आहे आणि दुसरीच्या हातात पुस्तक. पुस्तक मिळाले हे कमी नव्हे. पण ते कशाच्या बदल्यात मिळाले हा प्रश्न त्या गवतावर मिटलेल्या छत्रीप्रमाणे पडून आहे.

ही दोन्ही चित्रे ज्या वर्षांतली, त्याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? १८७३ च्या डिसेंबरात अकरा-बारा वर्षांची एक मुलगी न्या. महादेव गोविंद रानडे यांची पत्नी म्हणून पुण्यात आली. माहेरी तिला अक्षरओळख करून दिलेली नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवावयास प्रारंभ केला. शिकवणी रात्री चाले. दिवसा घरातील स्त्रियांत वावरताना या शिकण्याची किंमत रमाबाईंना बोलण्यांतून, अबोल्यातून, टोमण्यांतून मोजावी लागे. इंग्रजी पुस्तके हाती आल्यावर तर तो जाच वाढला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकात त्यांनी हे सारे कोणावरही राग न धरता लिहिले आहे. तो रागाचा अभावच वाचकाला अधिक बोचतो.

त्याच पिढीतल्या काशीबाई कानिटकर. जन्म १८६१ चा. यजमानांना शिकलेली पत्नी हवी होती. घरातील वडीलधाऱ्यांना ते खपणारे नव्हते. काशीबाई वडीलधाऱ्यांच्या नजरेआड, मिळेल त्या वेळात, स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकल्या. पुढे त्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, ‘रंगराव’ ही कादंबरी लिहिली. त्यांचे अपुरे आत्मचरित्र सरोजिनी वैद्य यांनी १९७९ मध्ये प्रकाशात आणले. ज्या सभासदांनी ते अद्याप वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

शिकलेल्या मुलीला वैधव्य येते, हा समज त्या काळी घरोघर होता. त्याला आज हसणे सोपे आहे. परंतु त्या समजाच्या मुळाशी असलेली भीती नीट ओळखली पाहिजे. भीती अक्षरांची नव्हती. पोथी तर घरात रोज वाचली जात होती. सुना-लेकी ती ऐकत होत्या. भीती होती ती मनातल्या मनात वाचण्याची. मोठ्याने वाचणारी सून काय वाचते हे सासूला ऐकू येते. ओठ न हलवता वाचणारी सून काय वाचते, ती कोणत्या ओळीवर थांबली, कोणत्या ओळीवर तिचा चेहरा बदलला, हे शेजारी बसलेल्या माणसालाही कळत नाही. एकत्र कुटुंबाच्या त्या भरल्या घरात, जिथे पेटीला कुलूप लावणेही सुनेच्या बाबतीत वावगे मानीत, तिथे हे मनातले वाचन म्हणजे कुलूप लावलेली खोलीच होती. आणि किल्ली तिच्याजवळ!

रन्वारच्या चित्रातील मुलगी नेमकी त्या खोलीत बसली आहे. पाहणाऱ्याला ती दिसते, पण तिच्या पुस्तकात डोकावता येत नाही.

यावरून फ्रान्समध्ये सारे आलबेल होते आणि आपल्याकडेच सारा अंधार होता असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळा काढण्याचा कायदा फ्रान्समध्ये झाला तो १८८० साली. पुण्यात रानडे आणि त्यांचे सहकारी यांच्या प्रयत्नांतून हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली ती १८८४ साली. या दोन घटनांत अवघ्या चार वर्षांचे अंतर आहे. (आणि पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली त्याला तेव्हा छत्तीस वर्षे लोटली होती, हेही विसरून चालणार नाही.) पॅरिसच्या सरकारी कलाविद्यालयाने तर स्त्रियांना प्रवेश दिला तो थेट १८९७ मध्ये, मोरिझो त्याआधी दोन वर्षे मरण पावली होती. तेव्हा फरक सुधारणेच्या तारखांत फारसा नव्हता. फरक होता तो असा, की तिकडे वाचणारी मुलगी उजेडात बसलेली दिसू शकत होती आणि ती तशी रंगवली गेली. इकडे ती रात्री, दार लोटून बसली होती. रमाबाईंना त्या शिकवणीच्या वेळी कोणी चित्रकाराने पाहिले असते तर? पण पाहणार कोण, आणि कसा?

ज्या काळात रन्वार ‘वाचणारी’ रंगवीत होता त्याच सुमारास, १८७६ मध्ये, राजा रविवर्म्याने शकुंतलेचे पत्रलेखन रंगवले. कमळाच्या पानावर नखाने पत्र लिहिणारी शकुंतला आणि तिच्याजवळ तिच्या सख्या. चित्र गाजले, मोनिअर विल्यम्सच्या शाकुंतलाच्या भाषांतरालाही ते लाभले. अक्षरांशी नाते असलेली ही स्त्री आपल्या चित्रात आली ती पुराणातून, काव्यातून आली. आणि एकटी आली नाही. सख्यांनी तिचे पत्र ऐकायचे आहे. घाटावरच्या पोथीप्रमाणे येथेही लिहिलेले ऐकले जाणार आहे.

त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी सावळाराम हळदणकरांनी जलरंगात एक चित्र रंगवले. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात असलेले, हातात दिवा धरलेल्या तरुणीचे ते चित्र मराठी घरांत कोणाला ठाऊक नाही! कॅलेंडरांतून, मासिकांतून ते घरोघर पोचले. त्यासाठी त्यांच्या कन्येलाच त्यांनी उभे केले होते. एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा; ज्योतीचा उजेड बोटांतून पाझरतो आणि चेहरा खालून उजळतो. तांत्रिक दृष्ट्या रन्वारने केलेलाच हा प्रयोग आहे, आणि जलरंगात तो साधणे तैलरंगापेक्षा कितीतरी अवघड. परंतु उजेडाचा उगम बदलला आहे. हळदणकरांची तरुणी दिवा घेऊन निघाली आहे. तो देवापुढे जाईल, तुळशीपुढे जाईल. तो उजेड घराचा आहे, ती त्याला सांभाळते आहे. रन्वारच्या मुलीच्या चेहऱ्यावरचा उजेड तिच्या हातातल्या पानाचा आहे आणि तो कोठेही न्यायचा नाही. दोन्ही चित्रे थोर आहेत. मराठी मनाने मात्र भिंतीवर लावायला दिवा निवडला, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

माळव्यात दृक्‌प्रत्ययवादाची हवा आली ती इंदूरच्या कलाशाळेतून. दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे तिथले गुरू. मुलांनी खोलीत बसून प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटने करण्यापुरते थांबू नये, बाहेर पडावे, ऊन पाहावे, रस्ता पाहावा, ही शिस्त त्यांच्या विद्यार्थ्यांत दिसते. १९१० साली इंदुरात जन्मलेले नारायण श्रीधर बेंद्रे त्यांचेच विद्यार्थी. महेश्वरी जन्मलेले देवकृष्ण जोशी हेही. रस्त्याच्या कडेला घोडी मांडून निसर्गचित्र रंगवणाऱ्या बेंद्र्यांना पाहून पोरसवदा मकबूल फिदा हुसेन भारावून गेले आणि पुढे बेंद्र्यांनी हुसेनांच्या वडिलांकडे मुलाची रदबदली केली, ही हकिकत स्वतः हुसेन यांनी सांगितली आहे. बेंद्र्यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांतील उन्हाचे हाताळणे आणि उत्तर आयुष्यात शुद्ध रंगांच्या ठिपक्यांनी विणलेली त्यांची चित्रे पाहिली म्हणजे फ्रान्समधले ते प्रयोग माळव्याच्या मातीत किती खोल मुरले याची खात्री पटते. १९९२ मध्ये ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले होते.

या मंडळींनी घाट रंगवले, बाजार रंगवले, पाणी भरणाऱ्या, माल विकणाऱ्या, पाखरांना दाणे टाकणाऱ्या स्त्रिया रंगवल्या. जे उघड्यावर होते ते त्यांच्या कुंचल्यात आले. वाचणारी मुलगी उघड्यावर नव्हती. ती माजघरात होती, धान्याच्या कणगीआड, माडीवरच्या अर्ध्या उजेडात. आणि परका चित्रकार माजघरात शिरू शकत नव्हता. रन्वारला पैसे देऊन मॉडेल मिळत होती. मोरिझोला बहीण होती. हळदणकरांना कन्या होती. रमाबाईंचे किंवा काशीबाईंचे ते चित्र काढायला घरातलेच, कुंचला धरणारे स्त्रीचे माणूस हवे होते, आणि अंबिका धुरंधरांसारखी चित्रकाराची लेक जे. जे. स्कूलची पदविका घेऊन बाहेर पडायला १९३१ साल उजाडावे लागले. तोवर ती पिढी म्हातारी झाली होती, काही काळाच्या पडद्याआडही गेली होती. रमाबाई १९२४ मध्ये वारल्या.

म्हणून मराठीत त्या चित्राची जागा गद्याने भरून काढली. ज्यांना कोणी रंगवले नाही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. रमाबाईंच्या आठवणींतील त्या रात्रीच्या शिकवण्या, काशीबाईंचे चोरून वाचणे, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (नावातच चित्रे आहेत!) यांना एका परीने आपली ‘वाचणारी’ म्हणता येईल. मात्र एक उणीव राहतेच. लिहिणारीला स्वतःचा चेहरा दिसत नाही. पानावर खिळलेल्या नजरेने आपण कशा दिसत होतो हे रमाबाईंना सांगता येणे शक्य नव्हते. ते दुसऱ्यानेच पाहावे लागते.

रमाबाईंच्याच संसारात मात्र एक वेगळा प्रसंग नियतीने घडवून आणला. रानड्यांची दृष्टी अधू होती. ज्या पत्नीला त्यांनी मुळाक्षरे गिरवायला लावली, तिच्याकडून ते पुढे वर्तमानपत्रे आणि कागद वाचून घेऊ लागले. मनातल्या मनात वाचायला शिकलेली स्त्री पुन्हा मोठ्याने वाचू लागली. परंतु आता वाचणारी ती होती आणि ऐकणारे न्यायमूर्ती.

अशा वाचणाऱ्या स्त्रीपर्यंत पुस्तक पोचायचे कसे, या प्रश्नाशी ग्रंथालयांचा संबंध येतो. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. नर्मदेच्या उत्तरेकडेही जिथे मराठी वस्ती होती तिथे वाचनालये उभी राहिली. कोठे देवळाच्या ओवरीत, कोठे वाड्याच्या देवडीवर, दोन कपाटे आणि एका कंदिलावर. पोथी घराची असते. ग्रंथालयाचे पुस्तक आठवड्यापुरते एकट्याचे असते. ते एकदा घरात आले की कोणाच्या उशाखाली जाईल हे ग्रंथपालाच्या हाती राहत नाही. जुन्या काळी बायका वाचनालयाची पायरी क्वचितच चढत. वर्गणीदार म्हणून नाव यजमानांचे. पुस्तक आणायला जाई ते घरातले लहान पोर, हातात चिठ्ठी घेऊन.

जुनी देवघेवीची नोंदवही कोणाच्या हाती आली तर तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. तारीख, पुस्तकाचे नाव, दाखल क्रमांक, सभासदाचे नाव, परत आल्याची सही. वकील, मामलेदार, शाळामास्तर, पेढीवरचे मुनीम. रन्वारच्या चित्रात वाचणारी दिसते, पुस्तक कोणते ते कळत नाही. या वहीत पुस्तक कोणते ते कळते, वाचणारी दिसत नाही. कामाच्या रगाड्यात सापडलेल्या एखाद्या मामलेदाराने एका महिन्यात सात कादंबऱ्या खरोखरच वाचल्या असतील काय, हा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा. त्या वहीच्या पानांत क्वचित एखादी चिठ्ठी अडकून राहिलेली असते. सही नसते. वळणदार, पण सवय नसलेल्या हाताचे अक्षर असते. आणि मजकूर इतकाच, की आधीचे पुस्तक परत पाठवले आहे, दुसरा भाग असल्यास या मुलाबरोबर द्यावा, आणि तो नसल्यास आजच काही दुसरे तरी द्यावे.